लख्ख चाक

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती सुकू लागलेल्या झेंडूच्या वासासकट. दसरा आदल्याच दिवशी झाला होता. ठाण्याच्या दारावरचे तोरण अजून उतरवलेले नव्हते. खंडेनवमीला पूजलेल्या रायफलींच्या लाकडावर हळदीकुंकवाची बोटे तशीच होती आणि शस्त्रांची मोजदाद करताना ती पिवळी भुकटी माझ्या तळव्याला लागत होती. नाशिक शहर जिथे विरळ होत जाते आणि मुंबई-आग्रा महामार्गाचा आवाज सुरू होतो, तिथल्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते. पिंपळगाव बसवंतहून येणारे कांद्याचे टेम्पो आमच्या फाटकासमोरून जात. ते गेले तरी कांद्याचा उग्र वास मागे राही आणि आत येऊन फायलींवर बसे.

या प्रकरणातल्या कोणाचेही नाव मी इथे घेणार नाही. कागदावर मिटलेली गोष्ट माणसांनी जन्मभर चारचौघांत मिरवत राहावी, असे मला वाटत नाही.

त्या सकाळी ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर साठी ओलांडलेले एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा सदरा, पांढरे धोतर, आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. माझे लक्ष आधी त्या हातांकडेच गेले. तळवे घट्ट्यांनी कठीण झालेले, बोटांच्या पेरांमध्ये मुरलेली काळसर रेघ, नखे मात्र स्वच्छ. जवळ गेल्यावर रिठ्याचा आणि जुन्या धातूचा वास आला. आयुष्यभर त्यांनी तांब्यापितळेची भांडी घडवली होती. जुन्या नाशकात ज्या गल्लीतून जाताना अजूनही हातोड्यांचे ठोके ऐकू येतात, तिथे त्यांचे दुकान होते. आता दुकान बंद करून ते पंचवटीतल्या एका वसाहतीत पत्नी आणि मुलासह राहत होते. मी त्यांना इथे तांबटकाका म्हणेन.

"बाई, मला फिर्याद द्यायची आहे," ते म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून पिंपळगावला निघाला होता. तिथल्या एका शीतगृहात तो कामाला होता आणि यंत्रांच्या पूजेला त्याला पोचायचे होते. महामार्गावर पुढचे चाक थरथरू लागले, हॅण्डल हातात राहीना, आणि तो गाडीसह घसरत गेला. मांडीचे हाड मोडले. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने त्याला रुग्णालयात पोचवले. आमच्याकडे त्याची नोंद 'स्वतः पडून जखमी' अशी झाली होती.

"स्वतः नाही पडला तो," काका म्हणाले. "माझा मुलगा सांभाळून गाडी चालवतो. दसऱ्याच्या आधी नवे टायर घातले होते. टायर घालणाऱ्यानं चाक बॅलन्स केलं नाही. रुग्णालयात चार जाणती माणसं होती, सगळ्यांनी तेच सांगितलं."

"टायर कोणी घातले?"

त्यांनी नाव सांगितले. टेबलावरच्या शाईच्या डागाकडे पाहत राहिले.

"परका असता ना बाई, तर मी या पायऱ्या चढलो नसतो. हा पोरगा माझ्या घरात वाढला. त्याची आई लवकर गेली. माझ्या मुलाच्या ताटाशेजारी त्याचं ताट असायचं. आणि ज्याच्या हातात आपण डोळे मिटून चाक दिलं, त्यानं हे करावं?"

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. रागाने बोलणारा फिर्यादी दोन दिवसांत थंड होतो. दुखावलेला होत नाही.

निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला. गाडी ठाण्याच्या आवारात, कडुलिंबाखाली आणून ठेवली होती. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून दोन पंचांसमक्ष पाहणी झाली. ब्रेक ठीक, हवा ठीक, टायर नवे. इतके नवे की त्यांच्यावरचे रबराचे बारीक केस अजून झडले नव्हते. निरीक्षकांनी पुढचे चाक काढून आसावर मोकळे टांगले आणि हलकेच फिरवले. चाक फिरले, मंदावले, थोडे मागे आले, झुलले, आणि एक बाजू खाली घेऊन स्थिरावले. पुन्हा फिरवले, पुन्हा तीच बाजू खाली.

"नवा टायर सगळीकडे सारखा नसतो," त्यांनी मला समजावले. "कुठेतरी थोडा जड असतो. जड बाजू अशी खाली येते. मग तिच्या बरोबर समोर, रिमला आतून राखाडी धातूच्या छोट्या पट्ट्या चिकटवायच्या. चाक कुठेही थांबायला लागलं, की झालं बॅलन्स. इथे दोन्ही चाकांना एकही पट्टी नाही."

"एवढ्यामुळे गाडी पडते?"

"एवढ्यानेच पडते असं मी लिहून देणार नाही. पण वेगात हॅण्डल थरथरलं, आणि चालवणाऱ्यानं दचकून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर पडू शकते."

माझे हवालदार निफाडकडचे. पंचनामा लिहिता लिहिता ते म्हणाले, "मॅडम, गाडी खरचटून गेली, पण चाकं बघा. लय चकाचक हाय. एवढं तर कोणी नवरीचं ताटबी घासत नाय."

मी हसले आणि पुढे गेले. पण ती चमक डोळ्यांत राहिली.

त्याच दिवशी एक निनावी फोन आला. शहरातल्या द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत त्या गॅरेजवाल्याकडे बॅलन्सिंगचे यंत्रच नाही, तो हाताने चाक फिरवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की झाले, अशी ती खबर होती. फोन करणाऱ्याच्या मागे कुठेतरी पंक्चर काढताना सुटणाऱ्या हवेचा फुसकारा ऐकू येत होता. खबर देणाऱ्याचा धंदा कोणता असावा, हे मला कळले. तरीही खबर ही खबरच असते. देणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून ती खोटी ठरत नाही, ती पाहावी लागते.

द्वारकेच्या चौकातली गर्दी मागे टाकून गल्लीत शिरले, की आवाज एकदम खाली येतो. गॅरेज लहान होते. रबराचा, ग्रीसचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. गॅरेजवाला तिशीचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नोकरीऐवजी स्वतःचे दुकान थाटलेला. गणवेश पाहून तो उभा राहिला, पण दचकला नाही.

"काकांनी फिर्याद दिली, मला कळलंय," तो म्हणाला. "त्यांचा राग मला समजतो, मॅडम. पण मी दोन्ही चाकं बॅलन्स केली होती. वजनं माझ्या हातानं लावली."

"यंत्राशिवाय?"

"मोटारसायकलला हा स्टॅण्ड पुरतो. दाखवू?"

दोन खांबांवर आडवा दांडा, त्यावर चाक. त्याने बोटाच्या टोकाने त्याला गती दिली. आमच्या आवारात पाहिले तेच इथेही घडले, फक्त अधिक संथपणे. चाक थकत थकत आले, जणू कुठे टेकावे ते शोधत होते. थांबल्यावर त्याने खडूने वरच्या बाजूला खूण केली, तिथे एक पट्टी दाबली, पुन्हा फिरवले. असे होता होता एकदा ते मध्येच, कलते, निवांत थांबले. त्याने हात लावून दुसरीकडे वळवले. तिथेही थांबले. त्या वेळी गॅरेजमध्ये सगळेच आम्ही गप्प होतो. एखाद्या रडणाऱ्या बाळाला झोप लागावी आणि घरातल्यांनी पावले न वाजवता उभे राहावे, तसे.

"पट्टी निघून पडू शकते?" मी विचारले.

"रिम पुसून, सुकवून लावली तर सहसा नाही. दोन्ही चाकांची सगळी तर नाहीच."

"लावताना कोणी पाहिलं?"

"त्यानंच की! इथे उभा राहून चहा पीत होता. वर मला म्हणत होता, 'अरे भो, चाकाला एवढं कुरवाळतोस, लग्न कर आता.'" तो हसला, आणि हसू मध्येच विझले. "कसा आहे तो? काकांनी मला वॉर्डात पाऊल ठेवू दिलं नाही."

मला त्याचे बोलणे खरे वाटत होते. आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. टायरवर कारखान्यातूनच एक पिवळा ठिपका येतो. तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि हवेच्या व्हॉल्व्हजवळ बसवायचा असतो. अपघातातल्या गाडीच्या दोन्ही चाकांवर तो ठिपका नेमका व्हॉल्व्हपाशी होता. ठिपका एवढा काळजीने बसवणारा माणूस पुढचे काम अर्धवट सोडेल, हे माझ्या अनुभवात बसत नव्हते. पण अनुभव पुराव्यात धरत नाहीत. पट्ट्या चाकावर नव्हत्या. आरोपपत्र गेले असते तर हा माणूस वर्षानुवर्षे तारखांना उभा राहिला असता, आणि गल्लीतली गिऱ्हाइके आताच शेजारच्या दुकानाकडे वळू लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ठाण्यात बोलावले आणि चाके दाखवली. माझी अपेक्षा होती की तो पट्टीची जुनी जागा, डिंकाचा एखादा माग दाखवून स्वतःला सोडवेल. तो उकिडवा बसला. रिमवरून एक बोट फिरवले. मग बोट थांबले आणि त्याने संपूर्ण तळवाच धातूवर ठेवला, एखाद्याच्या कपाळावर ठेवावा तसा. बराच वेळ तो उठला नाही.

"काय?" मी विचारले.

"काही नाही."

"वजनं कुठे होती, दाखव."

तो उभा राहिला. चेहऱ्यावरून कोणीतरी ओले फडके फिरवल्यासारखे झाले होते.

"मॅडम, मी लावलीच नसतील. सणाची गर्दी होती. विसरलो असेन."

"काल तर म्हणालास, माझ्या हातानं लावली."

"काल घाबरून बोललो. आज खरं सांगतो. माझी चूक आहे. काय कलम असेल ते लावा."

हवालदारांनी लेखणी उचलली. मी त्यांना थांबवले. पोलीस ठाण्यात माणसे केलेले नाकारतात. त्याची आम्हाला सवय असते, त्यासाठी आमचे कान तयार झालेले असतात. पण काल ठामपणे नाकारणारा माणूस पुरावा पाहून आज कबूल होतो, आणि तो पुरावा तर कालही तोच होता! मग त्या चाकावर त्याने असे काय पाहिले, जे मी आणि निरीक्षकांनी पाहिले नव्हते?

"मॅडम, कबूल हाय म्हणतो ना," हवालदार हळूच म्हणाले. "लिहून टाकू?"

"नको. घरी जाऊ द्या त्याला. उद्या सकाळी या म्हणावं."

मी रुग्णालयात गेले. मुलाच्या मांडीत सळई घातली होती. खिडकीतून येणारे ऊन त्याच्या बँडेजवर पडले होते आणि उशाशी सोललेल्या मोसंबीचा वास होता. आई औषधे आणायला गेली होती, वडील घरी. मी स्टूल ओढून बसले. मित्राने गुन्हा कबूल केला असल्याचे सांगितले.

तो उठू पाहत होता; कळ आली आणि पुन्हा आडवा झाला. "मूर्ख आहे तो! त्याचं ऐकू नका, मॅडम. मीच जोरात होतो. माझ्या चुकीनं पडलो, असं लिहा."

"त्यानं वजनं लावली होती का?"

"आठवत नाही."

"तू समोर चहा पीत उभा होतास म्हणे. त्याला लग्न कर म्हणालास."

त्याच्या ओठांना किंचित हसू शिवले, आणि त्याने मान भिंतीकडे वळवली.

"बरं, ते राहू दे. टायर घातल्यावर दसऱ्यापर्यंत तू रोज पिंपळगावला जात होतास. तेव्हा हॅण्डल थरथरायचं?"

"छे! लोण्यासारखी चालत होती गाडी," तो भिंतीकडे पाहतच म्हणाला. आणि मग त्याला कळले की आपण काय बोललो.

बाहेर ट्रॉलीची चाके फरशीवरून कुरकुरत गेली.

"म्हणजे चाक बॅलन्स केलेलं होतं," मी म्हणाले. "मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला काय झालं?"

"मला झोप येतेय, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या पापण्या ओल्या होत्या.

ठाण्यावर न परतता मी आणि हवालदार पंचवटीत गेलो. तांबटकाका दाराशीच बसले होते. मुलाची चौकशी करून आलो हे ऐकताच त्यांनी आग्रहाने आत नेले. घरात फडताळभर भांडी होती: घागरी, परात, समया. संध्याकाळचा उजेड जिथे जिथे पोचत होता, तिथे तिथे त्याचे तांबे होत होते.

"दुकान बंद केलं, पण हातांना कोण सांगणार?" ते म्हणाले. "खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आमच्यात. घरातला सगळा धातू त्या दिवशी उजळायचा. एकही मळकी वस्तू पाटावर ठेवायची नाही, हा वडिलांचा दंडक."

त्यांनी तांब्याभांडे माझ्यापुढे केले. मी पाणी प्यायले. गार, किंचित तुरट चवीचे पाणी. भांडे खाली ठेवताना माझा अंगठा त्याच्या पोटावरून फिरला आणि तिथेच थांबला. घासल्याच्या अतिशय बारीक रेषा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, कुठेही न तुटता गोल फिरत गेलेल्या. अशा रेषा मी आदल्या दिवशी कडुलिंबाखाली पाहिल्या होत्या. मी पाहिल्या, आणि गॅरेजवाल्याच्या तळव्याने ओळखल्या. ज्या घरात तो जेवला, तिथल्या ताटावरून त्याचा हात लहानपणापासून फिरत आला होता.

"काका, खंडेनवमीला गाडीही पूजली असेल."

"तर! मुलाला म्हटलं, तू उद्या मिरवायला घे, आज ती माझी. दोन्ही चाकं घासली. दुपार गेली त्यात. चिंच त्या धातूला चालत नाही, म्हणून रिठ्याचं पाणी, मऊ राख आणि सुती फडकं. सकाळी मुलानं पाहिलं तर म्हणतो, 'बाबा, तोंड दिसतंय यात!'" पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा आनंद आला. "त्या रिमला आतून कसलेसे राखाडी तुकडे डकवलेले होते. कारखान्याचं वेष्टण राहिलं असावं. लख्ख धातूवर ते कसे ठेवायचे? पात्यानं खरवडले, डिंक घालवला, मग घासलं."

हवालदारांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"ते तुकडे कुठे आहेत?" मी विचारले.

"मोडीच्या डब्यात. धातू फेकायचा नसतो, बाई."

त्यांनी खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. तांब्याच्या कातरणी, तुटकी कडी, पितळेचे वेढे. आणि त्यांत त्या राखाडी पट्ट्या, लहान चौकोनांत विभागलेल्या. पाठीवर अजून डिंकाची पांढुरकी साय होती.

त्यांना ते कसे सांगावे, याची कोणती पद्धत मला प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. मी खाली बसले, पट्टी हातात घेतली आणि सांगितले, की चाकाची जड बाजू काय असते, ती कशी खाली येते, आणि तिला तोलून धरायला ही पट्टी समोर कशी लावतात. मी 'तुम्ही' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्यांनी मात्र माझे वाक्य पुरे होण्याआधीच आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले, जणू ते हात कुणाच्या दृष्टीस पडू नयेत.

"हे वजन आहे?" ते म्हणाले. "एवढंसं?"

"हो."

"माझ्या मुलाला माहीत आहे?"

"रस्त्यावर हॅण्डल थरथरलं तेव्हाच कळलं असावं."

"आणि त्याला?"

"त्याला चाक पाहून कळलं. तुमचं घासणं ओळखलं त्यानं. मग गुन्हा कबूल केला."

दाराशी रुग्णालयातून परतलेल्या काकू रिकामी पिशवी घेऊन उभ्या होत्या. कधी आल्या कळले नाही. त्या येऊन काकांच्या शेजारी बसल्या.

"माझ्यावर लिहा गुन्हा," काका म्हणाले.

"तुमच्या कृत्याला कलम नाही, काका."

"पोराचा पाय मोडला आणि कलम नाही?" त्यांनी हवालदारांकडे पाहिले, जणू मी बाईमाणूस म्हणून दया दाखवत होते आणि ते खरे सांगतील. "हवालदारसाहेब, तुम्ही सांगा."

"नाय ओ काका," हवालदार म्हणाले. "खरंच नाय."

पंचांना बोलावून पट्ट्या रीतसर जप्त केल्या. दुसऱ्या सकाळी काका पुरवणी जबाब द्यायला ठाण्यात आले. गॅरेजवाला बाकावर बसलेलाच होता. त्याला पाहून ते क्षणभर थबकले, पण थेट टेबलापाशी आले आणि सगळे स्पष्ट सांगितले, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. हवालदार लिहीत होते.

"मग असं लिहितो," हवालदार म्हणाले, "की सदर पट्ट्या मी अनवधानाने काढून टाकल्या."

"अनवधानानं नाही," काका म्हणाले. "सगळं अवधान देऊन काढल्या. दुपारभर बसलो होतो. कौतुकानं केलं मी ते. तसं लिहा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी लिहिले: 'कौतुकाने.'

मग काका वळले आणि बाकासमोर जाऊन उभे राहिले. गॅरेजवाला उठू लागला.

"बस. मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो, काका? चाक छान घासलंय म्हणून?"

"चेष्टा सुचतेय तुला! कोर्टात उभं केलं असतं. तुरुंगात गेला असतास, गाढवा."

"मग काय झालं? तिथे जेवणाचा डबा आणला असता ना तुम्ही."

काका त्याच्याकडे पाहत राहिले.

"नसता आणला," ते म्हणाले. "तू माझ्या मुलाचा पाय मोडलास, असं मानून मी मेलो असतो. तुझं नाव घरात घेऊ दिलं नसतं. हे तुला चाललं असतं?"

ठाण्यातला वायरलेस खरखरला आणि थांबला. गॅरेजवाल्याने खाली पाहिले, आणि एवढा वेळ अडवून धरलेले रडू त्याला आवरेना. मोठ्या माणसाचे ते ओबडधोबड रडणे होते, आवाज गिळत केलेले. काका त्याच्या शेजारी बाकावर बसले. आधी नुसतेच बसले. मग त्यांनी तो कठीण, पेरांत काळी रेघ असलेला हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला आणि सावकाश, गोल फिरवू लागले.

दोघे रुग्णालयात एकत्रच गेले. तिघांत तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. तो तपासाचा भाग नव्हता.

फिर्याद खोटी नव्हती आणि खरीही नव्हती. ती गैरसमजातून आली होती, म्हणून मी 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल पाठवला. वरिष्ठांनी जबाबातल्या 'कौतुकाने' या एका शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून मला बोलावले. असला शब्द सरकारी कागदात कशाला, असे विचारले. तो फिर्यादीचा शब्द आहे, मी सांगितले. त्यांनी पुन्हा पान वाचले, वर्तुळ खोडले आणि सही केली.

त्यानंतरच्या नोकरीत मी बरीच वर्षे तपास केले. नाकारणाऱ्याला बोलते कसे करायचे हे मला आधीपासून येत होते. कबूल करणाऱ्याला अडवायचे असते, हे या प्रकरणाने शिकवले. माणूस स्वतःला वाचवायला खोटे बोलतो तेव्हा त्याचा आवाज कुठेतरी चिरतो. दुसऱ्याला वाचवायला बोलतो तेव्हा तो इतका शांत असतो की ऐकणाऱ्यालाही शांत वाटू लागते, आणि लेखणी आपोआप पुढे सरकते. त्या दोन तरुणांनी ज्याच्यासाठी मौन धरले, त्याला ते जन्मभराचा एक खोटा राग देऊन बसले असते. ते त्यांना दिसले नाही, कारण त्यांचे त्याच्यावर प्रेम होते. एखाद्या वृद्धाला त्याची चूक कळू देणे कठोर वाटते. पण ती कळली म्हणूनच त्या सकाळी त्या बाकावर एका माणसाला आपला मुलगा परत मिळाला, आणि तो रुग्णालयात झोपलेला मुलगा नव्हता.